गच्चीवरची ओहोटी

दीपालीला कुणी ‘हौशी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. हौशी माणसाला सवड असते. या बाईला मी गेल्या सहा वर्षांत खाली बसून गरम चहा पिताना पाहिलेलं नाही. सरावलीला आमच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहते, मी पहिल्यावर. ती गोधड्या शिवते, त्या विकते आणि तीन वर्षांची मुलगी वाढवते. हे सगळं एकाच खोलीत, आणि बऱ्याचदा एकाच हातानं, कारण दुसऱ्या हातावर मुलगी असते.

नवरा मितेश तारापूरच्या एका कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. पण घराचं घड्याळ त्याच्या पाळीवर चालतं. पहिली पाळी असली की तो दुपारी घरी, म्हणजे दुपार गेली. दुसरी असली की सकाळ गेली. तिसऱ्या पाळीचा आठवडा सगळ्यांत वाईट, कारण तो दिवसा झोपतो. मग शिलाई मशीन बंद, मिक्सर बंद आणि मुलीचं तोंडही बंद ठेवायचं. तीन वर्षांच्या मुलीचं तोंड बंद ठेवायचा एकच उपाय आहे: तिला उचलून माझ्या घरात आणून सोडायचं. त्या आठवड्यात दीपाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून नुसता हाताचा टाका घालते. टाक्याचा आवाज होत नाही.

मुलीचं आधार कार्डावरचं नाव दोन अक्षरी, नव्या पद्धतीचं आहे. आजी नवस बोलली होती म्हणून घरात सगळे तिला नवसी म्हणतात. नवसीला सुई आवडते, कात्री आवडते, आणि आईनं मांडून ठेवलेले तुकडे विस्कटायला तर फारच आवडतं. एकदा सगळी मांडणी उधळून झाल्यावर ती मला म्हणाली, “मी पन डिजाईन केली.” दीपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रडत होती की हसू दाबत होती, मी विचारलं नाही.

कापड येतं सालवडच्या भंगारवाल्याकडून. इथल्या कारखान्यांतून कापलेल्या पट्ट्या, कडा, रंग चुकलेले तुकडे त्याच्याकडे पोत्यांनी पडतात. दीपाली पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते निवडते. खपतात ते गुलाबी हत्ती आणि पोपटी मोर. तिला ते शिवायचा इतका कंटाळा आलाय की हत्तीची सोंड ती डोळे मिटून कापते.

तिला शिवायची होती ती ‘ओहोटी’. तिचं सासर मुरब्याचं, घरात मासेमारी. तिथल्या खाडीचं पाणी उतरलं की चिखलावर बारीक बारीक नागमोडी रेघा उमटतात, होड्या एका कुशीवर कलंडून पडतात. ते सगळं वरून पाहिल्यासारखं तिनं कापडात उतरवायला घेतलं होतं. करडे, मातकट, शेवाळी तुकडे, म्हणजे जे कुणी घेत नाही असे. त्यावर धावदोऱ्याच्या हजारो रेघा. एके दिवशी मी ते पाहिलं आणि मला चिखलात पाय रुतल्यासारखं झालं. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तेव्हा केलं. तर ही म्हणते, “मावशी, आठ महिने झाले. दिवसाला चार बोटं पण सरकत नाही.”

पुढे दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या. केळव्याला रुचिता नावाची मुलगी आपल्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. तिनं नाताळच्या गर्दीसाठी सहा गोधड्या मागितल्या, हत्ती-मोरांच्याच. दीपालीनं धीर करून तिला ओहोटीचा फोटो पाठवला. रुचिता म्हणाली, “ही पण आण. पुढच्या पडवीत टांगते. लोकांनी विचारलं तर पुढच्या वर्षी तू तुझ्या मनानं शिव, नाही विचारलं तर आपले हत्ती आहेतच.”

दुसरी गोष्ट म्हणजे मितेशनं कंपनीच्या पॅकिंग खात्याचा अर्ज आणला आणि फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवला. “एक तारखेपर्यंत द्यायचाय. तुझ्या नाताळाचं बघ काय होतं ते. जमलं तर जमलं. नाहीतर नोकरी काय वाईट आहे? सुट्टी तरी मिळते.”

सुट्टी! हे त्यानं तिला ऐकवलं. मी जिन्यातून ऐकलं आणि ओठ आवळून खाली आले.

तर डिसेंबरातल्या त्या पंधरा दिवसांवर सगळं अडलं होतं. ओहोटी पडवीत टांगली जाते की अर्ज भरला जातो, एवढाच प्रश्न. दीपालीनं सासूला फोन केला. पंधरा दिवस येऊन नवसीला बघा, म्हणाली.

जमनाबाई आल्या. पासष्टीच्या, काटक, आवाज बंदरावरून हाक मारल्यासारखा. सगळा जन्म सुकी मासळी विकण्यात गेला. अशी बाई पंधरा दिवस नुसती बसेल कशी? येताना टमटममधून दोन टोपल्या अर्धवट सुकलेले बोंबील आणि पोतंभर ओला जवळा घेऊन आल्या. तोच तर हंगाम. गच्चीवर दोऱ्या बांधल्या, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं बोंबील टांगले, ताडपत्रीवर जवळा पसरला, आणि नातीला मांडीवर घेऊन कावळे हाकत बसल्या. दीपालीला सकाळ-दुपार मोकळी मिळाली. बारा दिवसांत तिनं सहा हत्ती-मोर संपवले, ओहोटीचा शेवटचा फेरा घातला, सातही गोधड्या धुतल्या आणि ऊन द्यायला गच्चीवर टाकल्या.

कुठे? दुसऱ्या बाजूच्या दोरीवर. वारा समुद्राकडून. मध्ये चार पावलांचं अंतर.

आता मला विचारा, तुम्ही कुठे होता? मी तिथेच होते. गच्चीवर जाऊन गोधड्या उलटून टाकल्या, दोन दिवस. मला काही जाणवलं नाही. दीपालीला नाही, मितेशला नाही. माझं माहेर सातपाटीचं. आमची नाकं लहानपणापासून त्या वासात मुरलेली. तळमजल्यावरच्या शुक्लाभाभी, उत्तर प्रदेशातल्या, अंडंही न खाणाऱ्या, त्यांनी त्या आठवड्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि जिन्याजवळून जाताना पदर नाकाला लावत होत्या. मला वाटलं, सर्दी असेल.

दीपालीनं प्रत्येक गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेपनं हवाबंद केली. एसटीनं पालघर, तिथून दुसऱ्या एसटीनं केळवे. देऊन आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी रुचिताचा फोन.

“दीपाली, येऊन जा जरा. फोनवर नाही सांगता येत.”

मी बरोबर गेले, कारण नवसीला कुणीतरी धरायला हवं होतं. जमनाबाई मासळी आवरत होत्या. केळव्याला पोहोचलो तर रुचिता पडवीत उभी, सातही पिशव्या पायरीवर मांडलेल्या, दोन फोडलेल्या.

“वास घे,” ती म्हणाली.

दीपालीनं गोधडीत तोंड खुपसलं. “कसला?”

“कसला काय? नीट घे.”

“साबणाचा येतोय.”

“काकू, तुम्ही घ्या.”

मी घेतला. “मलाही साबणाचाच आला,” मी म्हणाले. खोटं बोलत नव्हते.

वाडीत सुपाऱ्या गोळा करणारा दिनानाथ नावाचा म्हातारा गडी तिथे टेकला होता. तो लांबूनच म्हणाला, “बाय, बोंबलाचा वास हाय तो. मला तर भूक लागली.”

रुचिताला हसू आवरेना. “मला पण आवडतो गं! पण मुंबईची माणसं थंड खोलीत दार लावून ही अंगावर घेणार. काल एक बाई रात्री साडेनऊ वाजता गादी उचलून बघत होती, खाली काय मेलंय म्हणून.”

दीपालीचा चेहरा मी पाहिला. आधी कळेचना तिला. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे येत गेली असावी: दोरी, वारा, टेप लावलेल्या पिशव्या. तिनं ओहोटी उचलली, उलगडली आणि विचारलं, “हिला पण?”

“हिला तर जास्तच,” रुचिता म्हणाली. आणि नको तेव्हा विनोद केला, “पण ही खाडीचीच आहे ना, हिला शोभतो.”

“आठ महिने घालवलेत मी,” दीपाली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की नवसीनंही तिच्याकडे बघितलं. “चेष्टा करू नकोस.”

रुचिता वरमली. पण धंदा तो धंदा. सहा गोधड्या चोवीस तारखेच्या आत धुऊन हव्यात, ओहोटीचं नंतर बघू, पडवीत आता तिनं कंदील लावायचं ठरवलंय. एसटीत सात गोधड्या आमच्या दोघींच्या मांडीवर होत्या आणि त्यांच्यावर नवसी झोपली होती. आमच्या पुढच्या बाकावरची बाई उठून मागे जाऊन बसली.

घरी आल्यावर दीपाली पहिल्यांदा सासूवर ओरडली. मी दारातच होते.

“सांगितलं का नाही मला? वास लागेल एवढं कळू नये?”

जमनाबाई जवळा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मला वास येतो का, ते आधी विचार. चाळीस वर्सं झाली, मला माझ्या अंगाचा येत नाय.”

“मग इथे कशाला आणली ही मासळी?”

“मंग काय रिकामी बसाया येऊ? तू बोलवलीस, मी आली. तुजा धंदा तुज्यासंगं, माजा माज्यासंगं. पोरगी दोगींची. मितेशला पाटीत निजवून मी बाजारात बसायची. तवा कुनी आली नाय माजा पोर धरायला.”

दीपाली पिशव्यांशेजारी खाली बसली आणि रडायला लागली. तेवढ्यात मितेश पाळीवरून आला, पिशव्या बघितल्या, सगळं ऐकलं आणि शांतपणे फ्रीजवरचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. वर पेनही ठेवलं. माणूस वाईट नाही असं मी वर लिहिलंय; त्या मिनिटाला मी ते मागे घेतलं होतं.

जमनाबाई उठल्या. हात पदराला पुसले. “ही कंपनीत गेली तर पोरगी कोन बगंल?”

“तू बघशील ना आई.”

“मी? मी तर वास मारतंय. आनि माजा धंदा कोन बगंल, तू? तुला बोंबील टांगायला तरी येतो का?” मग सुनेकडे वळून, तितक्याच रागात, “आनि तू गो, रडतेस काय? धू ते. आठवड्यात दोन दिस मी पोरीला मुरब्याला नेते. मंगळवार आनि शुक्रवार. तिकडं मासळी, हिकडं गोधडी. येकीचं येकीला लागाया नको.”

मितेशनं अर्ज पुन्हा चुंबकाखाली लावला. “जूनमध्ये परत जागा निघतील,” एवढंच म्हणाला.

पुढचे चार दिवस कुणी विचारू नये असे गेले. आमच्याकडे पाणी दिवसाला एक तास. भिजलेली गोधडी म्हणजे भिजलेलं वासरू. दोघींनी पिळली तरी पिळवत नाही. लिंबू झालं, सोडा झाला, शिकेकाई झाली. गुलाबी हत्तींचा रंग उतरून ते फिके पडले. मोठा प्रश्न वेगळाच होता. वास गेला की नाही, हे कळायचं कसं? वास घ्यायला आम्हीच. दीपाली घेई, मी घेई, मितेश घेई, आणि तिघंही ‘काही येत नाही’ म्हणून माना हलवत असू. शेवटी मला शुक्लाभाभींच्या लावलेल्या खिडक्या आठवल्या. मी गोधडी घेऊन खाली गेले.

“भाभी, ज़रा सूँघिए तो.”

त्यांनी दोन बोटांनी कोपरा उचलला. “थोड़ी-सी है अभी.” आणि मग राहवलं नसावं. “दीदी, पंद्रह दिन से है. हमने सोचा आप लोगों को अच्छी लगती होगी.”

एवढे दिवस! एका शब्दानं बोलल्या असत्या तर? पण विचारलं होतं का कुणी?

तीनदा धुतल्यावर भाभींनी मान डोलावली. फिके हत्ती केळव्याला गेले, आणि रुचिता म्हणे, पाहुण्यांना ते जुने वाटतात म्हणून जास्तच आवडले. आणखी दहा पाठव. दीपालीनं फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून ओरडली. मी समजू शकते. ओहोटीबद्दल रुचितानं अवाक्षर काढलं नव्हतं.

तर आता असं आहे. नवसी मंगळवारी आणि शुक्रवारी आजीबरोबर मुरब्याला जाते. दोन सकाळी. लोक म्हणतात, नशीबवान आहे हो, सासू चांगली मिळाली. सासू चांगली आहेच. पण आठवड्यात दोन सकाळींना नशीब म्हणायचं असेल तर आपण बायकांनी फार थोडक्यात समाधान मानायला शिकलोय. त्यातली मंगळवारची हत्तींना जाते. शुक्रवारची दीपालीची स्वतःची, म्हणजे खाडीला बोटी येऊन जमनाबाई तिकडे अडकल्या नाहीत, नवसीला ताप आला नाही आणि मितेशची तिसरी पाळी नसली तर.

पहिली ओहोटी तिनं पुन्हा धुतली नाही. नवसी तिच्यावर झोपते. आता दुसरी सुरू आहे, थोडी मोठी, भरतीची. जूनच्या आत संपवायची आहे, कारण अर्ज अजून फ्रीजवरच आहे.

गेल्या शुक्रवारी जमनाबाई नवसीला न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून आपलं एक जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

“आत घाल. नव्या कापडानं ऊब येत नाय.”

दीपालीनं ते हातात घेतलं आणि सासूकडे पाहिलं.

“धुतलंय,” जमनाबाई म्हणाल्या. “तीनदा.”

दीपालीनं नाक लावलं. मग माझ्यापुढे धरलं. मी नाक लावलं. मला काही आलं नाही, तिलाही नाही. जमनाबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभ्या.

“मावशी,” दीपाली घड्याळाकडे बघत म्हणाली, “भाभी उठल्या असतील का?”

मी लुगडं घेऊन जिना उतरायला लागले. तिनं तोवर सुईत दोरा ओवायला घेतला होता.