बिननावाची कबर

आमच्या क्विल्टी वेल गावात कबर आधी खणतात आणि माणूस मागाहून मरतो. नवा माणूस हे ऐकून दचकतो. मीही दचकले होते. पण इथली माती वरून तांबडी, भुसभुशीत दिसली तरी हातभर खाली नुसता खडक आहे. उन्हाळ्यात त्यावर पहार मारावी तर पहारच उलटी उडते, आणि ऊन असं की खणणाराच आडवा व्हायचा. म्हणून जून-जुलैत, म्हणजे या दक्षिण गोलार्धातल्या थंडीत, गावाने एक कबर खणून ठेवायची, वर पन्हळी पत्रा टाकायचा, कडेला धोंडे लावायचे. उन्हाळ्यात जो जाईल तो त्यात. कोण जाणार, हे कुणी बोलायचं नाही. कबरीला नाव द्यायचं नाही.

ही रीत घालून दिली नोरीन हॅकेट या बाईंनी. त्यांची आई भर जानेवारीत गेली, तेव्हा खणलेलं काहीच नव्हतं. बाप्यांनी पहारी मारून हात सोलून घेतले आणि तोवर आईला पबच्या थंड खोलीत, बिअरच्या पिंपांशेजारी ठेवावं लागलं. नोरीनबाई त्या दारात स्टूल टाकून बसल्या. बिअर काढायला आलेल्या एकालाही त्यांनी आत पाऊल टाकू दिलं नाही. सबंध गाव कोरडं राहिलं. पुढच्या थंडीत त्यांनी स्वतः पहार हातात घेतली, ती अजून खाली ठेवलेली नाही. आता सोबतीला खडक फोडायचं ब्रेकर मशीन असतं एवढंच.

बाई तोंडाने फटकळ. मेंढरांची लोकर कातरणाऱ्यांच्या तांड्यावर स्वयंपाकीण म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज असा की कुत्रीसुद्धा उठून बसतात. आम्ही नवरा-बायकोने इथला पेट्रोलपंप आणि त्याला जोडलेली खाणावळ चालवायला घेतली, त्या पहिल्याच आठवड्यात त्या आल्या. गल्ल्याशेजारी माझा देव्हारा. त्यांनी टोपी काढली, वाकून पाहिलं.

"हा कोण?"

"गणपती."

"याला खायला काय देतेस?"

"साखर. कधी गूळखोबरं."

"मग माशा खातील सगळं," म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तारेच्या जाळीचं एक झाकण आणून नैवेद्याच्या वाटीवर ठेवलं. माप आदल्या दिवशी नजरेनेच घेतलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना परकं मानलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ आल्फ शहरातल्या इस्पितळातून घरी आला. फुप्फुसं गेलेली. डॉक्टरांनी तिथंच राहा म्हटलं, तर याने नाकातली नळी तशीच ठेवून बहिणीला फोन केला, "मला न्यायला ये. इथं खिडकीतून भिंत दिसते." बाई एकट्या गाडी हाकत गेल्या आणि घेऊन आल्या. आल्फला आईशेजारी झोपायचं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं. त्या वर्षीची कबर आईच्या कबरीला लागूनच खणली गेली. का, ते सगळ्यांना कळलं. बोललं कुणीच नाही.

नोव्हेंबरात कॅरव्हॅन घेऊन एक जोडपं गाव पाहायला आलं. दोघंही सज्जन, माझ्याकडे अंडी-टोस्ट खाऊन जुनी स्मशानभूमी पाहायला गेली. फोटोत सगळं यावं म्हणून नवरा पत्र्यावर चढला. पत्रा वाकला आणि त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत. घोटा मुरगळला. मी बर्फ लावून दिला. तो बिचारा पुन्हापुन्हा विचारत होता, "तिथं पाटी का नाही?" पाटी कुणासाठी लावायची? गावात सगळ्यांना ठाऊक. बाहेरचा माणूस त्या पत्र्यावर उभा राहील हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक आमचीच होती, आणि नोरीनबाईंनी त्याच संध्याकाळी लाल रंगाने पाटी रंगवून ठोकली. पण त्या गृहस्थांनी तोवर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवलं होतं.

उत्तर आलं ते माणसाच्या रूपाने. क्रेग प्रोसर नावाचा कौन्सिलचा तरुण अधिकारी, आणि त्याच्यामागे ट्रकवर जेसीबी. तीनशे किलोमीटर तुडवत आलेले. स्मशानात आम्ही जवळजवळ सगळेच जमलो, म्हणजे एका झाडाच्या सावलीत मावू इतके.

"हा उघडा खड्डा धोकादायक आहे," प्रोसर म्हणाला. "आज बुजवावा लागेल. कुणी वारलं तर कौन्सिल मोठ्या गावच्या दफनभूमीत सोय करेल. गाडी पाठवेल."

"तिथं आमचं कोण आहे?" नोरीनबाईंनी विचारलं.

"छान जागा आहे हो. हिरवळ आहे."

"हिरवळ मेंढरांना दाखव, बाळा."

पोरगा वाईट नव्हता. कपाळावरच्या माशा हाकलत त्याने थोडा विचार केला, मग आवाज उतरवून म्हणाला, "एक वाट आहे. ही जागा एका माणसाच्या नावे राखून ठेवली असं दाखवलं, तर कुंपण घालून राहू देता येईल. तुमच्या भावाची तब्येत... म्हणजे मी ऐकलंय. त्यांचं नाव द्या. मी लगेच परत जातो."

मी मनात नामस्मरण धरलं. एक होकार दिला की आल्फची जागा पक्की, आणि नकार दिला तर आता उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा खणणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. आल्फ तीनशे किलोमीटरवर अनोळखी माणसांत गेला असता.

नोरीनबाईंचा चेहरा तांबडा झाला. "माझा भाऊ घरी बसून क्रिकेट ऐकतोय. आणि मी इथं त्याचं नाव कबरीला देऊ? जित्या माणसाचं?"

"नुसतं कागदावर, बाई."

"कागदावर तर मुळीच नाही."

एवढं बोलून त्या कबरीपाशी गेल्या, पत्रा सरकवला, खणताना लावलेली शिडी आत तशीच होती, तिच्यावरून एकेक पायरी खाली उतरल्या. शहात्तर वर्षांची बाई! खालून आवाज आला, "शालन, माझा चहाचा थर्मास दे गं. आणि तो केक." मी वाकून दिला. "हं. भर आता, प्रोसर."

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. "माणसावर माती टाकायचे मला पैसे मिळत नाहीत," तो म्हणाला.

"बाई, वर या ना," प्रोसर कडेला उकिडवा बसून विनवू लागला. "ऊन वाढतंय."

"खाली गार आहे. तूच ये. केक आहे."

तेवढ्यात पबवाल्या डगची पिकअप धूळ उडवत आली. शेजारच्या सीटवर आल्फ, मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर. कुणी कळवलं कोण जाणे. डगने त्याला जवळजवळ उचलूनच कडेपर्यंत आणलं. आल्फने खाली डोकावलं. धाप लागली होती, पण ओठ हसत होते.

"नोरीन, बाहेर ये. लहान असताना माझ्या जागेवर बसायचीस तशी आता इथंही बसलीस?"

"तुझी जागा कुणी सांगितली? आधी मी आलेय."

"तू दणकट आहेस, तुला वेळ आहे."

"ते तू ठरवणार होय रे, शेंबड्या?"

डग वळून टोपीने तोंड पुसायला लागला. प्रोसर उभा राहिला, त्याला वाटलं सुटलं एकदाचं. "मग आल्फसाहेब, तुमचंच नाव लिहू?"

आल्फने श्वास गोळा केला. "माझं लिही. हरकत नाही."

"आल्फ!" खालून ओरड आली.

"थांब गं. माझं लिही, त्याखाली हिचं लिही. डगचं लिही, त्याचं काळीज बिअरवर चालतंय. जो आधी पोचेल त्याची जागा. आमच्याकडे असंच असतं."

डगने स्वतःचं सबंध नाव सांगितलं, बापाचंसुद्धा. मग टपालवाली, मग झाडाखालचे उरलेले सगळे. मी म्हटलं, "माझंही घ्या."

कबरीतून आवाज आला, "तुला कशाला गं? तू तर धूर होऊन जाणार!"

"तरी घेऊ दे," मी म्हणाले. आमचे हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनीही आपलं नाव सांगितलं.

प्रोसरने पेन खिशात ठेवलं. "एका जागेला एकच नाव लागतं," तो थकून म्हणाला. "मी वरती विचारतो. तोवर कुंपण घाला. निदान दोरी तरी बांधा." जाताना त्याने थर्मासमधला चहा घेतला, आणि शिडी धरायलाही तोच पुढे झाला. वर आल्यावर बाईंनी त्याला दोरी बांधायचा शब्द दिला.

वरून उत्तर आलं ते सक्त नकाराचं: बुजवा, नाहीतर दंड. नोरीनबाईंनी ते डगच्या पबमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि दंड भरणार नाही असं उलट टपाली कळवलं. दोरी मात्र बांधली. शब्द दिला होता म्हणून.

आल्फ फेब्रुवारीत गेला, स्वतःच्या पलंगावर, पहाटे, बहिणीचा हात हातात असताना. तो उन्हाळा भाजून काढणारा होता. ऊन चढायच्या आत आम्ही त्याला आईशेजारी ठेवलं. धर्मगुरू पोचणं शक्य नव्हतं, म्हणून डगने प्रार्थना वाचली. मी माझ्या देवाला सांगितलं, हा तुझाच आहे, याला तुझ्याजवळ घे. नोरीनबाई रडल्या नाहीत. मातीचं पहिलं फावडं त्यांनी टाकलं, शेवटचंही त्यांनीच.

चहा झाल्यावर सगळे घराकडे निघाले, तर बाई तिथंच. भावाच्या मातीपासून पावलं टाकत गेल्या, थांबल्या, चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले.

"थंडी पडली की इथून सुरू करायचं," म्हणाल्या.

डग म्हणाला, "नोरीन, कौन्सिलवाले पुन्हा येतील."

त्यांनी हात झटकले, टोपी चढवली. "येऊ देत. मी इथंच असणार."