यांना सांगा

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या वहिनींचं तोंड दिवसभर चालू असायचं. घरी मात्र नवऱ्याशी अबोला, तोही काही वर्षांचा. नवरा गॅरेजात मेस्त्री. त्यांची दारू व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन सुटली, चांगली सुटली. उगाच नावं कशाला ठेवा? अबोला तेवढा सुटेना. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." तिघं एकाच खोलीत, आणि संसार चालायचा मुलीच्या तोंडून!

मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाण्याआधी तिने दोघांना समुपदेशक बाईंसमोर आणून बसवलं. "काय ते एकदाचं बोला. नाहीतर वेगळे राहा, पण मला फोनवर निरोप सांगू नका. मी थकले," म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

चादरींच्या ढिगापुढे उभं राहून वहिनींच्या पायांत गोळे आले होते. इथेच खुर्चीत डोळा लागला तर किती बरं, असं त्यांना वाटत होतं.

"बोला," बाई म्हणाल्या.

"यांना सांगा, मला काही बोलायचं नाही."

"हिला सांगा, मी आता पीत नाही."

बाईंनी हसू दाबलं. "मी निरोप नाही हो पोचवत. समोरच तर बसलाय तुम्ही."

मेस्त्री नखांतलं काळं ग्रीस खरवडत राहिले. मग बाईंनाच म्हणाले, "पीत होतो, कबूल. पण हिने मला कधी काही सांगितलंच नाही. एकदा बहिणीकडे गेली, आठवडाभर राहिली, आणि परत आली ती तोंड शिवूनच."

सांगितलं नाही? वहिनींना हसावं की रडावं कळेना. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. त्यांना धरून जिना चढवताना, त्यांची ओकारी पुसताना. ते 'हो हो' म्हणायचे आणि सकाळी पाटी कोरी. आता ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं? नुसत्या विचारानेच वहिनींचं अंग गळून गेलं. त्यापेक्षा वेगळी खोली बघावी, सुटावं. त्यांनी पर्स उचलली. उठल्यासुद्धा.

पण ते 'बहिणीकडे' काही घशाखाली उतरेना. त्या पुन्हा खाली बसल्या.

"बहिणीकडे नव्हते गेले, अहो."

मेस्त्री दचकले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसतं वहिनींकडे बोट दाखवलं.

"माझी गर्भपिशवी काढली. आदल्या दिवशी तुमच्या उशाशी बसून सांगितलं होतं, उद्या ऑपरेशन आहे, मला भीती वाटते, सोबत या. नर्सने विचारलं, मिस्टर कुठे आहेत? म्हटलं, येतायत. आत नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते." वहिनींचा आवाज चढला नाही, तेवढंही त्राण नव्हतं. "तुम्ही हो म्हणाला होतात."