बाई बसली म्हणतात

वारंगा फाट्यावर बसमधून उतरलो तेव्हा पुण्यापासूनच्या प्रवासानं अंग आंबलं होतं. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. एका पक्षाची उमेदवारी कुणाला मिळावी, याबद्दल लोकांचा कल विचारत हिंगोली जिल्हा फिरायचं, हे माझं काम. इच्छुक तिघे: जिनिंगवाले शेठ, एक वकील आणि जिल्हा परिषदेच्या माजी सदस्य शेवंताबाई.

फाट्यावरच्या हॉटेलांत शेठ पुढे होते. दुपारी आखाडा बाळापूरच्या बाजारात वारं फिरलं. बांगड्या विकणारे करीमचाचा म्हणाले, "बराबर बाईच. पाण्यासाठी आमच्या बायकांसंगं उन्हात बसली. शेठ कवा आला?"

संध्याकाळी शेवंताबाईंच्या तांड्यावर पोचलो. सगळे त्यांना याडी (आई) म्हणत. त्यांनी बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा वाढला.

"मी कुठवर हाय, सायेब?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"बरं. मंग जेवा पोटभर."

दुसऱ्या दिवशी जीप वाटेत पंक्चर झाली. धुळीनं माखून गोरेगावला उतरलो, तर बाईंचं नाव कुणी घेईना.

"ती तर बसली (माघार घेतली)," पानवाला म्हणाला. "वकिलाला पाठिंबा दिला म्हणं."

खोटं होतं ते; आदल्याच संध्याकाळी बाई मला आपण कुठवर आहोत ते विचारत होत्या. ऐकलं तेवढं टिपून निघायचं, असा आमचा नियम. पण पाय निघेना. गोरेगावहून तांड्याजवळच्या किराणा दुकानात फोन लावला, बाईंना फोनवर बोलावून घेतलं आणि ऐकलेलं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोरेगावला जीपमधून उतरल्या आणि भर बाजारात मिरचीवाल्यांपुढं जाऊन थांबल्या. "काहून रं, मला कुणी बसवलं? ही बघा, उभी हाय मी!"

त्या दिवशी पुन्हा विचारत फिरलो. बाई वकिलाच्या पुढे गेल्या होत्या.

पुण्याला परतून अहवाल दिला. उमेदवारी जाहीर झाली ती भलत्याच माणसाला. माझ्या साऱ्या फिरतीत त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. बाईंना फोन केला.

"व्हय, कळलं," त्या म्हणाल्या. "अपक्ष अर्ज भरून राहिले. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

त्या पडल्या.

मी अजूनही कल विचारत फिरतो. दमून बसमध्ये टेकलो की वाटतं, गोरेगावचं मन बदलायला एका बाईचं समोर येणं पुरलं. उमेदवारी ठरवणाऱ्यांनी मात्र ते मन जाणून घ्यायला मला एवढं लांब पाठवलं, आणि ऐकून घेतलं नाही.