हरीला ओळखणाऱ्या इंग्रिडताई

इंग्रिडताईंना मी प्रथम पाहिले ते रेवसच्या धक्क्यावर. लाँचमधून उतरताना त्यांचा पाय थेट एका मावशींच्या मासळीच्या टोपलीत पडला! मावशींनी त्यांचा यथासांग उद्धार केला आणि ताईंनी त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मला विचारला. स्वीडनमधल्या विद्यापीठाच्या या प्राध्यापिका थळच्या कोळीवाड्यातील चालीरीती अभ्यासायला आल्या होत्या. मी इथला शाळामास्तर. दुभाषा म्हणून गेलो आणि शिष्य होऊन बसलो.

पुढे त्या मायदेशी खासदार झाल्या, त्याही पुराणमतवादी पक्षाच्या! मी जन्माचा समाजवादी, कपाळाला हातच लावला. फोनवर भांडलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणारे तुम्ही, आणि जुन्या मताची मी?" रीत मोडण्याआधी ती का पडली ते विचारावे, असे त्यांचे म्हणणे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

नंतर त्या एका आखाती देशात राजदूत झाल्या. त्याच काळात माझा धाकटा भाऊ हरी याची बोट इंजिन बंद पडून भरकटली. एका मालवाहू जहाजाने सगळ्यांना वाचवले, पण उतरवले ते नेमके ताई होत्या त्याच देशात. तिथे त्यांना अडकवून ठेवले. ओळखपत्रे कुठे? घरी, बिस्किटांच्या डब्यात! समुद्रावर भिजतात म्हणून ती घरीच ठेवायची आमची खोड. हरीच्या बायकोने, आमच्या वहिनीने, अन्न सोडले. आपल्या वकिलातीचे काम चालू होते, पण धीर कुणाला? मी ताईंना फोन केला.

ही काही त्यांच्या देशाची माणसे नव्हेत, तरी ताई स्वतः बंदरावर गेल्या. अधिकाऱ्यांसमोर हरीला म्हणाल्या, "काय रं हऱ्या, मासं धराला गेलास नि इकरं कंय आलास?" हरी ढसाढसा रडला. "यांच्या घरी मी जेवले आहे. यांची हमी माझी," असे ताईंनी तिथे सांगितले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "सगळे जेवले. सुकट नाही म्हणून कुरकुरताहेत." हुश्श! वहिनी हसत हसत रडली आणि पानावर बसली. पुढे कागदपत्रे झाली, सगळे सुखरूप परतले.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. हा लेख वाचून दाखवला तेव्हा हरी म्हणाला, "लिव, माजं आयुष्य ताईंना लागू दे." आतून वहिनी ओरडली, "सगलं देऊ नका, थोरं मला ठेवा!"

तेव्हा ताई, वहिनीपुरते ठेवून उरलेले सारे तुमचे. धडधाकट राहा, खूप जगा.