एकादशीचे कोरे रकाने

ही केस अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता विसरले. सिंगापूरमधल्या एका आवाजाची केस मात्र विसरत नाही, कारण तिच्यातला आरोपी मला फार उशिरा सापडला. नाव मी कोणाचेच लिहीत नाही.

मी महिला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा प्राथमिक शाळेच्या सातवीवर नोकरी मिळत होती. सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बरीच वर्षे काढली, त्यामुळे भांडणारी माणसे मला चांगली माहीत आहेत. शेजाऱ्याची तक्रार घेऊन कोणी आले की आमचे उत्तर ठरलेले असे. "हे दिवाणी आहे. कोर्टात जा." अदखलपात्र म्हणून नोंद करायची, कागद हातात द्यायचा आणि पुढच्याला बोलवायचे. एक बाई एकाच तक्रारीसाठी तीनदा आली होती. तिन्ही वेळा मी तिला हेच वाक्य ऐकवले. चौथ्यांदा ती आली नाही. मिटले असेल, असे मी समजले. दिवाणी कोर्टात पुढे काय होते, हे मी कधी जाऊन पाहिले नव्हते.

ते पाहायला सिंगापूर गाठावे लागले.

माझा मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चोआ चू कांगला नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सून जुरोंग ईस्टला नोकरीला जाते. नात दहा वर्षांची, तिची शाळा समोरच्याच रस्त्याला. मी इथे राहायला येऊन आठ महिने झाले होते तेव्हा कोर्टाचे कागद आले.

तक्रार खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची. चिनी गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे. म्हणणे असे की, आमच्या घरातून रोज पहाटे साडेपाच ते सहा ठोकल्याचा आवाज येतो. तो दोन-तीनदा दारावर येऊन गेला होता. मुलाने त्याला प्रत्येक वेळी सांगितले होते की आवाज आमचा नाही. मग मध्यस्थाकडे बैठक झाली, तिथेही हेच. आता प्रकरण एका जिल्हा न्यायाधीश बाईंपुढे लागले. घरमालकाने मुलाला मेसेज पाठवला की, कोर्टाचा हुकूम तुमच्याविरुद्ध गेला तर फ्लॅट रिकामा करा. म्हणजे घर जाणार आणि नातीची शाळाही.

मुलाने मला विचारले, "आई, पहाटे तूच जागी असतेस. आपल्याकडे कोण काय ठोकतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

माझ्या या शब्दावर त्याने कोर्टात लेखी उत्तर दिले. आमच्या घरातून आवाज होत नाही.

मग मी तपास हातात घेतला. सवय जात नाही. नातीची एक जुनी वही घेतली आणि पहाटेची डायरी लिहायला सुरुवात केली. पाचला उठायचे, स्वयंपाकघरात बसायचे, आपले रोजचे काम करता करता कान उघडे ठेवायचे. लिफ्ट वाजली, लिहिले. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, लिहिले. ठोकल्याचा आवाज एकदाही आला नाही.

घरातल्यांचे जबाबही घेतले. नातीला विचारले, "चेंडू आपटतेस का सकाळी?"

"आज्जी, नॉट मी लाह! मी झोपलेली असते!" ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडली.

सुनेला विचारले, "वॉशिंग मशीन पहाटे लावतेस का?"

ती चिडली. "आई, मी साडेसहाला डोळे उघडते. तुम्हाला माहीत आहे. रोज तुम्हीच त्यावरून टोमणे मारता."

ते खरे होते. तिला सोडून दिले.

खबर मिळाली ती खालच्या बाकावर. आमच्याच इमारतीत एक तमिळ आजी राहते, संध्याकाळी तिथे बसते. सिनेमे बघून शिकलेली मोडकी हिंदी बोलते, इंग्रजीही जाणते. ती म्हणाली, "नीचेवाला आदमी खराब नहीं. उसका बीवी बीमार. रात भर दर्द. पाँच बजे थोडा नींद आता. फिर ऊपर से टप, टप, टप. खतम."

तोपर्यंत मी त्या माणसाला किरकिऱ्या समजत होते. किरकिरा माणूस वेगवेगळ्या तक्रारी करतो. याची आठ महिने एकच होती. हे मला आधीच खटकायला हवे होते.

घरी येऊन मी कोर्टाचे कागद मागितले. त्यात म्हाताऱ्याने स्वतः आखलेला तक्ता होता. तारीख, वेळ, आवाज आला की नाही. तारखा वाचायला इंग्रजी लागत नाही. आम्हाला एका जुन्या फौजदारांनी शिकवले होते, गुन्हा कधी घडला हे सगळेच बघतात, कधी घडला नाही तेही बघा. मी कोरे रकाने शोधले. एका ठिकाणी सलग चार होते.

"या चार दिवसांत तुम्ही कुठे गेला होतात?" मी मुलाला विचारले.

"कुठेच नाही. तूच सेरंगूनला गेली होतीस, मावशीच्या मुलीकडे." मग तो एकदम खूश झाला. "आई, हा तर आपलाच पुरावा! आम्ही सगळे घरात होतो, तरी आवाज नाही. म्हणजे आवाज आपला नाहीच."

मलाही ते पटले. इतकी वर्षे पोलिसात काढलेल्या बाईला पटले, हे लिहून ठेवते.

बाकीचे कोरे रकाने सुटे होते, महिन्यातून दोन. त्यांचा मेळ लागेना. दोन दिवसांनी सुनावणीच्या तारखेवर खूण करायला मी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी एकादशी होती. मी तशीच उभी राहिले. मग तक्ता घेतला आणि मागची पाने उलटून एकेक एकादशी लावून पाहिली. सगळ्या जुळल्या.

एकादशीला मी भाकरी करत नाही. घरात कोणालाच नाही, सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी.

रोज रात्री हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवून मुलाचे पोट बिघडले होते, म्हणून मी आल्यापासून त्याला डब्यात ज्वारीची भाकरी देत होते. पहाटे साडेपाचला परात फरशीवर ठेवायची आणि समोर बसून थापायची. सात भाकऱ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी अशीच थापते. तो आवाज माझ्या लेखी आवाजच नव्हता. डायरीत खुर्ची सरकल्याचे लिहीत होते तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. वहीच्या पानांवर पिठाचे डागही होते.

अंदाजावर केस उभी करायची नसते. तमिळ आजीला दुभाषी म्हणून घेतले आणि सुनेच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला खालच्या दारावर गेले. सुनेला सांगून ठेवले होते, दहा मिनिटांनी फरशीवर एक भाकरी थाप. म्हाताऱ्याने दार उघडले. मला पाहून बंद करणार होता, आजीने काहीतरी समजावले तेव्हा आत घेतले. पलंगावर त्याची बायको पडलेली. हाडांचा सापळा. आम्ही उभे राहिलो. वरून आवाज सुरू झाला. टप, टप, टप. त्या बाईने डोळे उघडले आणि एक बोट छताकडे केले.

म्हातारा इंग्रजीत बोलला. तमिळ आजीने मला सांगितले, "बोलता है, आठ महिना. आठ महिना तुम लोग बोला, हम नहीं."

हात जोडले आणि वर आले.

संध्याकाळी मुलाला सगळे सांगितले. त्याने कोर्टाचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाला, "आई, उद्यापासून भाकरी बंद कर. आवाज थांबेल, केस आपोआप पडेल. कोर्टात काही बोलायचं नाही. आपण लेखी दिलंय."

"खोटं दिलंय."

"आपल्याला माहीत नव्हतं!"

"आता माहीत झालंय. आता गप्प बसलो तर मात्र खोटं."

"घर जाईल आई! परत पोरीची शाळा शोधायची का मी?"

त्याची भीती खोटी नव्हती. मी म्हणाले, "ठाण्यात नवा साहेब येणार असला की आम्ही त्याचे आधीचे हुकूम शोधून वाचायचो. या न्यायाधीश बाईंचे निकाल मिळतात का बघ."

इंटरनेटवर अलीकडचे तीन मिळाले. सगळे दिवाणी, शेजाऱ्यांचेच. तो वाचून मराठीत सांगत गेला. एकीच्या ओल्या कपड्यांचे पाणी खालच्या खिडकीत गळत होते. शेजाऱ्याने फोटो दाखवेपर्यंत तिने नाही म्हटले. तिला कडक हुकूम झाला. एकाने सामायिक वाटेत कुंड्या मांडल्या होत्या आणि माझ्या नाहीत म्हणत होता. त्यालाही तसाच. तिसरी पियानो शिकवणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगितले, हो, वाजवते, इतके तास. बाईंनी तिला वेळा ठरवून दिल्या, दोघांच्या सह्या घेतल्या आणि हुकूम न काढता घरी पाठवले.

"बघ," मी म्हणाले. "या बाईंना कोण चांगला, कोण वाईट याच्याशी घेणं नाही. त्यांना फक्त उद्या काय करायचं ते ठरवायचंय. खोटं बोलणाऱ्याचं उद्याचं ठरवता येत नाही."

मुलगा निकाल पुन्हा वाचत बसला. झोपायला जाताना एवढेच म्हणाला, "तूच बोल मग."

सुनावणीची खोली लहान होती, आमच्या ठाण्याच्या चौकशीच्या खोलीएवढी. मराठीचा दुभाषी नव्हता, हिंदीचा मिळाला. मी उभी राहून सांगितले, आवाज माझा आहे. म्हाताऱ्याचा तक्ता खरा आहे.

न्यायाधीश बाईंनी विचारले, "किती वेळ?"

"अर्धा तास. साडेपाच ते सहा."

"किती भाकऱ्या?"

"सात."

त्यांनी ते लिहून घेतले. "जमिनीवर का?"

"ओटा मला उंच पडतो."

त्या हसल्या नाहीत. मुलाकडे वळून म्हणाल्या की, घरात नीट चौकशी न करता कोर्टात लेखी देऊ नये. त्याने मान खाली घातली. मी मध्येच बोलले, "तो माझ्या शब्दावर बोलला. चूक माझी लिहा." तेही त्यांनी लिहिले. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारले, तुम्हाला काय हवे. तो एकच शब्द बोलला, त्याला दुभाष्याची गरज पडली नाही. "स्लीप."

आवाज नसला की त्याची बायको नऊपर्यंत झोपते. म्हणून असे ठरले की, नऊच्या आधी फरशीवर काही काम करायचे नाही. नंतरही परात टेबलावर, खाली जाड सतरंजी. पुन्हा त्रास झाला तर त्याने आधी आमचे दार वाजवायचे आणि आम्ही उघडून ऐकून घ्यायचे. दोघांच्या सह्या झाल्या. हुकूम निघाला नाही. मुलाने घरमालकाला कागद पाठवला, त्याचे उत्तर आले, ओके. घर राहिले.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. पंचनाम्यात आपण आधी जागा लिहितो, पण आपण स्वतः कुठे बसलो आहोत ते लिहीत नाही. ते लिहावे. दुसरी गोष्ट त्या तीनदा आलेल्या बाईची. दिवाणी आहे, कोर्टात जा, हे मी तिला हाकलायला म्हणत असे. खरे तर तो चांगला सल्ला होता. खुर्ची देऊन, कोणत्या कोर्टात, कोणता कागद घेऊन जायचे, एवढे सांगितले असते तर तिचेही मिटले असते. पाच मिनिटांचे काम होते. आता आमच्या जुन्या-नव्या पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे लिहिले आहे. नोकरीत नव्याने आलेल्या दोन मुलींनी आपण तसे करू लागल्याचे कळवले.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. त्या दिवसाचा रकाना तसाही कोराच राहिला असता. तिसऱ्या दिवशी मी पाचला उठले, स्वयंपाकघरात बसले आणि नऊपर्यंत हात मांडीवर ठेवून राहिले. मुलगा आदल्या दिवशीची खिचडी घेऊन कुरकुरत ऑफिसला गेला.

संध्याकाळी बाकावर तमिळ आजीने मला आधी बसू दिले, मग म्हणाली, "आज भी उसका बीवी सोया. साढ़े नौ बजे तक."

"एकादशी काल होती," मी म्हणाले.

तिला ते कळले नाही. मला कळले.