घमेल्याचा मुकुट

फोटोमामा माणसाला भेटले की आधी त्याला स्थिर करीत. रस्त्यात कुणी समोर आले, तर नमस्काराच्या आधी त्यांच्या तोंडून 'हलू नका' निघे. आणि समोरचा माणूस, मग तो मामलेदार असो की दूधवाला, खरोखरच क्षणभर जागच्या जागी थांबे. मामा दोन बोटांनी त्याची हनुवटी किंचित वर करीत, उजेड कुठून येतो ते पाहत, आणि मगच विचारीत, "काय, बरं आहे ना?" पाथर्डीच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गावातली बहुतेक लग्ने, बारशी आणि काही अंत्ययात्राही त्यांच्या भिंगातून गेल्या होत्या. एकदा शिंगे रोखून धावत आलेल्या बैलालाही त्यांनी 'हलू नका' म्हटले होते. बैलाने ऐकले नाही. मामांचा डावा खांदा तेव्हापासून जरा खाली असे.

माणसांना थांबवणे हाच ज्यांचा धंदा, त्या मामांची एकच इच्छा होती: एक सिनेमा करायचा. मी तेव्हा नगरला बी.एस्सी. करीत होते आणि सुट्टीत घरी आले की त्यांच्या डार्करूममध्ये रसायने मोजून देण्याचे काम हौसेने अंगावर घेत असे. मला ते 'सायन्स' म्हणत. "सायन्स, ही भिंत बघ," एकदा ते म्हणाले. भिंतीवर नवरानवरी, पुढारी, मांडीवर बाळ घेतलेल्या बाया ओळीने टांगलेल्या होत्या. "ह्यातल्या एकाचीसुद्धा चाल कशी होती ते मला सांगता यायचं नाही. सगळ्यांना मीच थांबवलं. आता एकदा चालू करून बघायचंय."

भिंगारला लष्करी सामानाच्या लिलावात त्यांना चावी देऊन चालवायचा एक मूव्ही कॅमेरा मिळाला आणि त्यासोबत जुन्या रंगीत फिल्मचे काही डबे. त्याच फेरीत रद्दीच्या दुकानात इंग्रजी चित्रकथेचे एक पुस्तक सापडले. मामांना इंग्रजी येत नसल्यामुळे ते मी वाचले आणि मराठीत सांगितले. समुद्राच्या तळाशी एक राज्य आहे. जमिनीवरच्या लोकांनी आपली सगळी घाण त्या राज्यावर ओतली आहे. तिथला राजा संतापून वर येतो आणि किनाऱ्यावरची शहरे बुडवू लागतो. मात्र एखादा बुडणारा माणूस हाती लागला की त्याला काठावर नेऊन ठेवतो, चार शिव्या हासडतो आणि पुन्हा पाण्यात शिरतो. शेवटी काय होते, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटची पाने शेंगदाण्याच्या पुड्यांना गेली होती.

ऐकताना मामा अजिबात हलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याचा राग खरा आहे, आणि हात चांगला आहे. असा माणूस पडद्यावर दिसत नाही. एकतर देव, नाहीतर राक्षस. हा मला लोकांना दाखवायचाय, सायन्स. बघून घरी जाताना त्यांनी ह्याला आपला म्हटलं पाहिजे. तेवढं झालं की मी सुटलो."

"पण मामा, गोष्ट दुसऱ्याची आहे."

"मग आपली करून घेऊ."

आपली करून घेण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीभर चालले. राजाचे नाव दर्याराव ठरले. मूळ पुस्तकात तो एका अजस्र माशावर बसून येई. मासा कुठून आणणार? पाण्याशी नाते असलेला आमच्याकडचा एकच प्राणी म्हणून मामांनी म्हैस निवडली. मग स्वतःच खोडली. "म्हशीवर बसवला तर लोक यम समजतील." दर्याराव पायी आला. मुकुट म्हणून गावाजवळ सुरू असलेल्या तलावाच्या कामावरचे एक घमेले उपडे करून त्याला चंदेरी रंग दिला. नायकाला तालमीतला बबन पहिलवान मिळाला. समुद्राच्या या राजाला पोहता येत नव्हते, आणि आमच्या भागात त्याबद्दल कुणी कुणाला नावे ठेवीत नसे. बबनची शंका वेगळीच होती.

"मामा, मी मारायचं का मार खायचा? तेवढं सांगा. बाकी तुमी म्हनाल तसं."

"दोन्ही नाही. तू चिडायचंस."

"नुसतं?"

"नुसतं."

"मंग लई अवघड हाय," बबन म्हणाला.

त्याहून अवघड होते ते पाणी. त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. आड आटले होते, आणि निम्मा गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला आणि माती वाहायला जात होता. अशा वर्षी समुद्रतळाचे राज्य दाखवायचे म्हणजे काय करायचे? मी प्रश्नाची फोड केली. पाण्याखालचे जग वेगळे दिसते, कारण प्रकाश पाण्यातून येताना वाकतो आणि पाणी हलले की सारे दृश्य लहरते. म्हणजे माणूस पाण्यात असण्याची गरज नाही. कॅमेऱ्याने पाण्यातून पाहिले की पुरे. डॉक्टरांच्या दवाखान्यात मासे मेलेली काचेची टाकी धूळ खात पडली होती. ती कॅमेऱ्यापुढे ठेवायची, बबनला गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीच्या तळाशी उभे करायचे आणि टाकीतले पाणी बोटाने ढवळायचे. मामांनी भिंगातून एकदा पाहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

टाकीपुरते पाणी शेजारच्या सखूबाईंनी दिले. त्या तलावाच्या कामावर जात, आणि त्यांचे बोलणे त्यांच्या हातोडीसारखे होते. "जसंच्या तसं परत पायजे. शेळीच्या वाटचं हाय," त्यांनी बजावले. त्यामुळे चित्रीकरण संपले की मामा आमचा समुद्र दोन्ही हातांनी सांभाळत सखूबाईंच्या अंगणात नेत आणि शेळी तो पिऊन टाकी. एकदा सखूबाई विहिरीच्या काठावरून खाली डोकावल्या. चंदेरी घमेले घालून बसलेल्या बबनकडे बघत म्हणाल्या, "राजाला दुसरीकडं जागा न्हाई का गावली? हितं काय ऱ्हायलंय?"

नाताळच्या सुट्टीत शेवट सोडून तयार झालेला सिनेमा आम्ही शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर दाखवला. प्रोजेक्टर फिरत्या टॉकीजवाल्याकडून उसना आणला होता. सिनेमा मुका होता. संवाद मामा पत्र्याच्या कर्ण्यातून म्हणत होते. सुरुवात चांगली झाली. विहिरीचा तळ भिंतीवर हिरवट, थरथरता, अथांग दिसला आणि बाया पुढे सरकून बसल्या. मध्येच एका दृश्यात खुद्द मामाच बबनचा मुकुट सरळ करायला आडवे गेले होते. फिल्म थोडी, म्हणून तो तुकडा कापला नव्हता. लोक हसले, मामाही हसले. मग दर्याराव काठावर आला, त्याने मूठ उगारली आणि मामा कर्ण्यातून गरजले, "जमिनीवरच्या माणसांनो! उद्या दिवस उगवायच्या आत तुमच्या दारात समुद्र आणून सोडीन!"

"आन की रं बाबा!" सखूबाई पुढच्या रांगेतून ओरडल्या. "वाट कुनाची बघतो?"

"खारं नगं म्हनावं, गोडं आन!" मागून दुसरी.

प्रेक्षकांत बसलेला बबनही उठून उभा राहिला. "आत्ता आनतो, पर हंडे बाहेर काढा!"

त्यानंतर हसू थांबेना. दर्यारावाच्या प्रत्येक धमकीला हंडे, घागरी, रांजण पुढे होत राहिले. मामांनी कर्णा केव्हा खाली ठेवला, ते माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आले नाही.

परत येताना मी समजूत घातली, "मामा, व्हिलन तर कुणी म्हटलं नाही ना?"

"व्हिलन परवडला असता, सायन्स. ह्याची गंमत झाली."

शेवट कसा करावा, यावर आमचे दोघांचे चांगलेच वाजले. माझा प्रस्ताव तर्कशुद्ध होता: एक इंजिनिअर बांध घालतो, दर्याराव हरतो, करार होतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. "तू त्याला हरवतेस. मला त्याला हरवायचंही नाही आणि जिंकवायचंही नाही." मी नगरला परत निघाले त्या सकाळी ते एस.टी. स्टँडवर आले आणि खिडकीपाशी उभे राहून बोलू लागले. "सखूबाईचं बरोबर होतं बघ. तहानलेल्या माणसाला बुडवायची भीती काय घालायची? दर्यारावाला हे माहीतच नाही. तो वर येतो आणि बघतो, तर इथं त्याला भ्यायला कुणाला सवड नाही. मग तो काय करील?"

"काय करील?"

"मलाही नाही माहीत. कॅमेरा लावू तेव्हा कळेल." गाडी सुटली.

मे महिन्यात मी परत आले तेव्हा एकच रोल उरला होता. टँकर यायच्या वेळी वेशीजवळ भांड्यांची लांब रांग लागे. मामांनी तिथेच कॅमेरा लावला. बबन पूर्ण वेशात, घामाने निथळत, रांगेपुढे येऊन उभा राहिला आणि ठरल्याप्रमाणे त्याने मूठ उगारली. पुढचे काहीच ठरलेले नव्हते. कॅमेऱ्याची चावी करकरत होती. बबनने मामांकडे पाहिले. तेवढ्यात बाभळीच्या सावलीतून सखूबाईंचा आवाज आला, "नंबर लाव, नंबर! राजा असशील तुझ्या घरचा!"

बबनची मूठ हळूहळू खाली आली. त्याने डोक्यावरचे घमेले काढले, उलटे केले, रांगेतल्या शेवटच्या घागरीमागे ठेवले आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसला. नंतर त्याने मला एवढेच सांगितले, "काय सुचंना बघा. ऊन लई हुतं." मामांनी मात्र चावी संपल्यावरही कितीतरी वेळ भिंगावरचा डोळा काढला नव्हता.

रोल धुण्यासाठी मुंबईला गेला आणि परत आला तो कोरा. त्या जातीच्या फिल्मवर जिथे प्रकाश पोचतो, तो भाग धुतल्यावर पारदर्शक होतो. आणि जुनी फिल्म उन्हाने तापली की उजेड न लागताही तशीच होते. हा रोल टोकापासून टोकापर्यंत काचेसारखा स्वच्छ होता. मामा फिल्मचे डबे माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवीत. घरातली तेवढीच एक थंड जागा. त्या उन्हाळ्यात माठात पाणीच नव्हते आणि वाळू तव्यासारखी झाली होती. "हात सवयीनं तिथंच गेला," ते म्हणाले. "वाळू ओली आहे का, ते पाहिलंच नाही."

लोकांना शेवट दाखवायचे वचन दिलेले होते. मामांनी ते मोडले नाही. दिवेलागणीला कामावरून परस्पर आलेल्या बाया घमेली, डबे शेजारी ठेवून शाळेच्या अंगणात बसल्या. बबन मुकुट घालून आला होता. सुरुवातीचा सिनेमा झाला आणि मग भिंतीवर नुसता पांढरा प्रकाश पडला. मामांनी कर्णा तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"मामा, काय दिसंना," सखूबाई म्हणाल्या.

"शेवट जळाला, सखूबाई. उन्हानं गेला. माझी चूक झाली."

"जळाला कसा? मी हुते की तितं." त्या उठल्या, आपले घमेले घेऊन थेट झोतात गेल्या आणि ते भिंतीच्या कडेला ठेवले. भिंतीवर त्यांची सावली पडली, शेजारी घमेल्याची. "हितं माझी घागर हुती. हिच्यामागं कोन? शांते, ऊठ. तुझा डबा आन."

शांता उठली, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. कुणाची घागर कुठे होती यावरून दोघींचे भांडणही झाले. भिंतीवर सावल्यांची रांग लागली. शेवटी बबन पुढे गेला, मूठ उगारून उभा राहिला, आणि सगळे अंगण एका आवाजात ओरडले, "नंबर लाव!" त्याने डोक्यावरचे घमेले काढून रांगेच्या शेवटी ठेवले. सावलीला रंग नसतो. इतक्या घमेल्यांत राजाचे कोणते, ते भिंतीवर ओळखता येत नव्हते.

"सरक गं, त्याला बसू दे," सखूबाई म्हणाल्या. "उनातनं आलाय."

मी मामांकडे पाहिले. आयुष्यभर माणसांना थांबवणारा तो गृहस्थ प्रोजेक्टरवर हात ठेवून पुटपुटत होता, "हला, हला. अजून थोडं पुढं."

पुढे मी पुण्याला एम.एस्सी. केले आणि आता तिथेच प्रकाशशास्त्रावर काम करते. गेल्या हिवाळ्यात मामा गेले. मी भेटायला गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "अख्ख्या गावाचे फोटो काढले गं, आणि ह्यांचा एक नाही. भिंतीला काय लावू?" आम्ही ट्रंक उघडली, प्रोजेक्टर मागवला आणि पहिला रोल लावला. थरथरत्या हिरव्या पाण्यात दर्याराव बसला होता. डावा खांदा जरा खाली टाकून मामा डावीकडून आले, दोन बोटांनी बबनची हनुवटी वर केली, मुकुट सरळ केला आणि लगबगीने उजवीकडे निघून गेले.

मामींनी पदर तोंडाशी नेला. मग म्हणाल्या, "परत लाव."