चार साते आणि मागची सीट

आधी नाव घेतो, मग किस्सा. दोष आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. गाडीतलं त्यांना एवढंच कळतं की तिला चाकं असतात. तरी शोरूममध्ये पहिली खुर्ची त्यांची!

गाडी घ्यायची होती आईसाठी. गगनबावड्याच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आईला दर आठवड्याला तिच्याकडं जायचं होतं आणि वळणाच्या रस्त्याला तिला मळमळतं. एसटीत खिडकी मिळाली तर ठीक, नाही तर हातात पिशवी.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि शिरोलीत फौंड्रीत लागलो. तेव्हापासून घरात माझं मत कुणी विचारत नाही. पण या गाडीचे झाडून सगळे व्हिडिओ मी पाहिलेले!

ट्रायलला मिळाली ती गाडी टॉप मॉडेलची होती. तशीच देतात, लक्षात ठेवा. मागच्या सीटला एसीची जाळी. आईनं तिच्यापुढं तोंड धरलं, डोळे मिटले. "हीच घ्या रं. हिच्यातनं मी गोव्यापतोर जाईन," म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

शोरूमच्या मुलीनं कागद पुढं ठेवला. चार मॉडेलांचे चार रकाने. टॉपला बरोबरच्या खुणा, बेसला नुसत्या रेघा.

"मॅडम, इंजिन चारीला एकच न्हवं?" आप्पा.

"हो सर, एकच."

"मग किमती चार कशाच्या? भायरनं तर समद्या सारख्याच दिसत्यात!"

"सर, टॉपला मागं एसी येतो, मागच्या काचेला वायपर येतो, मागच्या काचा बटणावर..."

"ते बाहेरनं बसवून घिऊ की!"

"आप्पा, एसीची जाळी बाहेरनं बसत नाही. ती काय सीट कव्हर आहे?" मी म्हणालो.

"तू गप रं. इंजिनिअरिंग सोडलंस न्हवं? मग इंजिनाचं बोलू नगोस."

जाळीचा आणि इंजिनाचा काय संबंध? पण आप्पांना विचारणार कोण!

आता आमच्याकडं गाडी आधी नंबरावरनं ओळखतात, मालकाचं नाव मागनं. आप्पांना चार साते हवे होते. आरटीओत त्या नंबराची जादा फी आणि बेस-टॉपमधला फरक जवळजवळ सारखाच. "दोन्ही झेपायचं न्हाय," पप्पा म्हणाले. आप्पांपुढं पप्पा वर्षभरात एवढंच बोलतात.

आप्पा माझ्याकडं वळले. "चालवणार तू हाईस. बोल, चार साते का ती गार हवा?"

आता काय सांगू तुम्हाला! तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. डोळ्यांपुढं मोबाइलवरचं स्टेटस आलं. कंपनीच्या गेटातून आत शिरणारे चार साते. सगळे माना वळवून बघतायत.

"नंबर," मी म्हणालो.

"शाब्बास!" आप्पांनी पाठीत थाप मारली. बेस मॉडेल बुक.

गाडी घरी आली तेव्हा आईनं बाहेरूनच ओवाळली. आत बसली ती पुढच्याच आठवड्यात, भर जुलैत, गगनबावड्याला निघालो तेव्हा. पुढं माझ्याशेजारी आप्पा, कारण ते मोठे. मागं पप्पा आणि आई. बाहेर धो धो पाऊस.

"हवा येईना रं," आई म्हणाली.

मी एसी वाढवला.

"बारीक कर, सर्दी हुईल!" आप्पा.

केला बारीक. आईनं हॅंडल फिरवून काच उघडली, तर पाऊस मांडीवर. बंद केली. मागची काच दुधासारखी पांढरी झाली, पप्पा टॉवेलनं पुसायला लागले. साळवणच्या पुढं आईनं पेढ्यांचा बॉक्स उघडला. मावशीसाठीचा. पेढ्यांनी भरलेला, आणि ती त्यातच ओकली!

मी गाडी बाजूला घेतली. आई रस्त्याकडेला वाकलेली, तेवढ्यात टपरीतनं एक जण छत्री घेऊन पळत आला. मला वाटलं, देवमाणूस.

"पावणं, नंबर लई भारी! कितीला पडला?"

आप्पांनी काच खाली केली. पुढची ना, ती बटणावर होती. आणि निवांत सांगत बसले.

मी कुणालाही तोंडावर बोलतो. पण तेव्हा "आप्पा, मागं जा, आईला पुढं बसू द्या," एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. आई तोंड पुसून परत मागंच बसली. थोरल्या दिराला ती कशाला उठवतेय!

"भावजी, आपण बघितली ती गाडी ही न्हवं," ती हळूच म्हणाली.

"मला काय इच्चारतीस? तुझ्या पोरानंच सांगितलं, नंबर घ्या म्हणून!"

आरशात आई माझ्याकडं बघत होती. मी वायपर वाढवला. पुढचा.

त्यानंतर आई त्या गाडीत बसलेली नाही. मावशीकडं ती एसटीनं जाते. स्टँडवर मी सोडतो, बाइकवरनं.